बीप बेसबॉल : जिथे चेंडू टाकणारा आणि टोलवणारा एकाच संघातले असतात

दूरदेशी :

बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर यांचे हाडवैर असते, हे त्या खेळाचा एकही नियम माहीत नसलेल्या माणसालाही पाच मिनिटांत कळते. त्यामुळे तीन उन्हाळ्यांपूर्वी अंध खेळाडूंच्या बेसबॉलचा पहिला सामना पाहिला, तेव्हा आपलेच काहीतरी चुकते आहे असे मला वाटत राहिले. चेंडू टाकणारा गृहस्थ आणि बॅट धरून उभी असलेली मुलगी यांच्या अंगावर एकाच रंगाची जर्सी होती. तिचे दोन फटके हुकले, तेव्हा तोंड वाकडे केले ते त्याने, आणि चेंडू दोन इंच खाली गेला म्हणून माफीही त्यानेच मागितली.

मी अमेरिकेत नोकरीनिमित्त राहतो. कार्यालयाकडून स्वयंसेवेसाठी एक दिवसाची सुट्टी आणि वर एक टी-शर्ट मिळत होता, एवढ्याच पुण्याईवर मी त्या मैदानावर पोहोचलो होतो. आता उन्हाळ्यातला माझा जवळजवळ प्रत्येक शनिवार तिथेच जातो. या खेळाविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास. कोलोरॅडोतील माउंटन बेल या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स फेअरबँक्स या अभियंत्याने १९६४ मध्ये सॉफ्टबॉलच्या पोटात आवाज करणारे एक लहानसे यंत्र बसवले. टेलिफोन खात्यातील आजी-माजी कर्मचाऱ्यांची ‘टेलिफोन पायोनियर्स’ नावाची सेवाभावी संघटना होती. तिने हा चेंडू पुढे सुधारत नेला आणि अंध मुलांपर्यंत पोहोचवला. १९७६ मध्ये राष्ट्रीय बीप बेसबॉल संघटना स्थापन झाली आणि तेव्हापासून या खेळाची स्वतःची ‘वर्ल्ड सीरिज’ भरते. ऑस्टिन, बोस्टन, शिकागो, इंडियानापोलिस अशा शहरांचे संघ तिथे उतरतात. तैवानचा संघ तर पॅसिफिक महासागर ओलांडून येतो आणि त्याने हे विजेतेपद मिळवलेलेही आहे.

आता खेळ. चेंडूचा घेर १६ इंच, म्हणजे नेहमीच्या १२ इंची सॉफ्टबॉलपेक्षा बराच मोठा. त्यातली पिन उपसली की तो ‘बीप बीप’ करू लागतो आणि पिन परत खोचली की गप्प होतो. बेस, म्हणजे धावत जाऊन गाठायच्या जागा, दोनच असतात, पहिला आणि तिसरा. दुसरा बेस नसतोच. हे बेस जमिनीवर ठेवलेल्या चपट्या गाद्या नसतात. माणसाच्या छातीपर्यंत येणारे, फोमने मढवलेले ते चार फुटी खांब असतात आणि त्यांच्या पोटात स्पीकर असतो. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपासून, ते १०० फुटांवर, पण फाउल रेषेच्या (मैदानाच्या कडेच्या रेषेच्या) बाहेरच्या अंगाला उभे केलेले असतात, जेणेकरून धावणारा आणि चेंडू शोधणारा एकमेकांवर आदळू नयेत.

चेंडूला बॅट लागताच दोन्हींपैकी एक बेस सलग गुणगुणू लागतो. कोणता, ते बॅटरला आधी ठाऊक नसते. तिने बॅट टाकायची, आवाजाची दिशा ओळखायची आणि जीव खाऊन त्या दिशेने धावायचे. मैदानातील सहा खेळाडूंपैकी कोणीतरी चेंडू शोधून जमिनीवरून उचलण्याआधी तिने खांब गाठला तर एक धाव, नाहीतर बाद. एका बेसवरून दुसऱ्या बेसवर जाण्याचा प्रकार नाही. सहा डाव, प्रत्येक डावात तीन बाद. चेंडू निदान ४० फूट तरी जावा लागतो, नाहीतर तो फाउल, म्हणजे फटका धरत नाहीत. बॅटरला तीनऐवजी चार स्ट्राइक मिळतात, म्हणजे चौथ्यांदा हुकले की बाद. पिचर, बॅटरमागे चेंडू झेलणारा कॅचर आणि क्षेत्ररक्षकांना मदत करणारे स्पॉटर एवढीच माणसे डोळस. बाकी सर्वांच्या डोळ्यांवर जाड पट्टी, मग कोणाला अंधुक दिसत असो वा मुळीच दिसत नसो.

मला या सगळ्यात गुंतवले ते पिचरने. सुमारे वीस फुटांवरून तो प्रथम ‘रेडी’ म्हणतो आणि चेंडू हातातून सोडताना ‘पिच’ म्हणतो. हे दोन शब्द नियमानेच मोठ्याने उच्चारावे लागतात. त्यांच्यामधले अंतर दर वेळी अगदी तेच ठेवावे लागते, कारण बॅटर त्या तालावर बॅट फिरवते. बॅट फिरण्याची पातळी आणि वेळ तिने सरावाने पक्की केलेली असते. चेंडू त्या वाटेवर, त्या क्षणी आणून ठेवण्याची जबाबदारी पिचरची. आमच्या संघातले पिचर प्रत्येक बॅटरसाठी वेगळा अंदाज बाळगून असतात: ही बॅट जरा उशिरा आणते, तो दमला की खांदा पाडतो, अमका पहिल्या चेंडूला नेहमी घाई करतो. आपल्याकडे तबलजी गवयाची लय जशी जपतो, तसे हे काम आहे. फटका बसला की पिचरने चेंडूला हात न लावता बाजूला व्हायचे. त्याचे नाव धावफलकावर कुठेच येत नाही.

सामना चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचे असते, हेही मला शिकावे लागले. वरून विमान गेले तर पंच खेळ थांबवतात. माझ्या पहिल्याच महिन्यात सरावाच्या सामन्यात बेसचे बटण माझ्या हाती होते. एका जबरदस्त फटक्यावर मी ‘वा!’ म्हणून ओरडलो आणि त्या आनंदात बटण दाबायचे विसरलो. चाळिशीचे एक गृहस्थ बॅट टाकून, एक पाय पुढे घालून, मान किंचित वाकडी करून उभे राहिले. दोन सेकंद असतील फार तर. मग शांतपणे म्हणाले, “मी कुठे जाऊ?” त्या प्रश्नाने मला जेवढे ओशाळवाणे झाले, तेवढे कोणत्याही शिवीने झाले नसते.

अंध क्रिकेटचा अनुभव असलेले कोणी इथे असतील, तर त्यांनी जरूर लिहावे.


शब्दवेधी :

धागा स्क्रीन रीडरवर दोनदा ऐकला. मी पुण्यात राहतो, जन्मापासून पूर्ण अंध आहे आणि अकरा वर्षे अंध क्रिकेट खेळलो आहे. (दिव्यांग, प्रज्ञाचक्षू वगैरे शब्द कोणी माझ्यासाठी वापरले तर मी रागावत नाही, पण मैदानावर आम्ही एकमेकांना अंधच म्हणतो, आणि तेही निम्म्या वेळा चिडवण्यासाठी.)

तुमच्या वर्णनात मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो चेंडूचा. आमचा चेंडू कडक प्लॅस्टिकचा असतो आणि त्यात छर्रे असतात. तो घरंगळतो तोवर खुळखुळतो. थांबला की मुका होतो. आमच्या क्रिकेटचे पुष्कळसे नियम या एका गोष्टीतून निघालेले आहेत. गोलंदाजी खांद्याखालून करावी लागते आणि चेंडूला खेळपट्टीच्या मध्याअगोदर टप्पा पडावा लागतो, कारण हवेतून येणारा चेंडू फारसा ऐकूच येत नाही. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ म्हणून चेंडू सुटतो. तुमच्याकडचे दोन शब्द वाचून ते आठवले. फरक इतकाच की आमचा गोलंदाज त्यानंतर माझा त्रिफळा उडवायला बघतो.

क्षेत्ररक्षणात तर हा फरक फार जाचतो. चेंडू गवतात अडकून थांबला, की तो माझ्यापासून हातभर अंतरावर असला तरी माझ्यापुरता नाहीसा झालेला असतो. थांबल्यावरही वाजत राहणारा चेंडू म्हणजे आमच्या दृष्टीने चैनच.

माझा प्रश्न पट्टीविषयी आहे. आमच्याकडे बी-१ म्हणजे पूर्ण अंध, बी-२ म्हणजे थोडे दिसणारे आणि बी-३ म्हणजे त्याहून अधिक दिसणारे असे वर्ग आहेत. अकरा जणांत निदान चार बी-१ असावे लागतात, त्यांच्या धावा दुप्पट मोजतात आणि त्यांना रनर मिळतो. कागदावर हे न्याय्य आहे. प्रत्यक्षात अटीतटीच्या षटकात चेंडू कोणाच्या हाती जातो आणि चपळाईची जागा कोणाला मिळते, हे खेळलेल्या कोणालाही विचारा. मी एका संघात दोन हंगाम अशा जागी उभा होतो जिथे चेंडू येण्याची शक्यताच नव्हती. नियमाची चौकट भरायला माझा उपयोग होता. सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी असती तर कर्णधाराला माझा विचार वेगळा करावा लागला असता. पण मग ज्याला थोडे दिसते, त्याला ही पट्टी अन्यायाची वाटत नाही का?


साशंक :

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एक शंका मांडतो, गैरसमज नसावा. ज्यांना दिसत नाही अशा सात व्यक्ती एकाच मैदानावर एकाच वेळी पूर्ण वेगाने धावत आहेत, जमिनीवर झेपावत आहेत, आणि एक जण चार फुटी खांबावर आदळण्यासाठीच धावतो आहे. विरंगुळा म्हणून हा खेळ ठीक आहे. पण एवढ्या ईर्ष्येने, विजेतेपदासाठी खेळण्याची जोखीम कशाला? बुद्धिबळासारखे सुरक्षित खेळ आहेतच.


दूरदेशी :

शब्दवेधी, तुमचा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचे सार्थक झाले. साशंक यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर या खेळाच्या इतिहासातच आहे.

सुरुवातीच्या काळात हा खेळ जपून खेळण्याचाच होता. धावू नये, झेपावू नये, कोणाला लागू नये, असा काळजीचा सूर त्यात होता आणि त्यामुळे खेळणाऱ्यांना तो कंटाळवाणा झाला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मिनेसोटातील मंडळींनी नियम नव्याने घडवले आणि त्यात धावणे आणि झेपावणे आणले, तेव्हा कुठे खेळाने जोर धरला. आपण ज्याला जोखीम म्हणता, ती खेळाडूंनी मागून घेतलेली आहे.

शिवाय ही अंदाधुंदी नसते. फटका बसल्यावर चेंडू मैदानाच्या ज्या भागाकडे जाईल, त्या भागाचा ठरलेला आकडा स्पॉटर मोठ्याने एकदा पुकारतो. एकदाच. त्यानंतर ‘डावीकडे, अजून थोडे, अरे मागे’ असे काही सांगता येत नाही. आकडा ऐकून ज्याच्या टापूत चेंडू आहे तो पुढे होतो आणि बाकीचे त्याला आधार द्यायला मागच्या जागा धरतात. पुढचा खेळाडू चेंडू हातात पकडायला जात नाही. तो चेंडूच्या वाटेत कुशीवर आडवा पडतो. डोक्यावर ताणलेले हात, धड आणि पाय मिळून सहा-सात फुटांचा बांध तयार होतो. चेंडू पोटाला किंवा मांडीला येऊन थडकला की दोन्ही हातांनी तो चाचपायचा, अंगापासून वेगळा करून वर धरायचा आणि ‘अप!’ म्हणून ओरडायचे. तो चेंडू आधी वर आला की धावणाऱ्याचा हात खांबाला आधी लागला, हे पंच ठरवतात. फटक्यापासून निकालापर्यंत सगळे पाच-सहा सेकंदांत आटोपते, आणि त्या अवधीत मैदानावर बीप, गुणगुण आणि बुटांचा आवाज याखेरीज काही नसते.

लागते, हे खरे आहे. कोपरे सोलवटतात, बोटे मुरगळतात. आमच्या संघातील एका बाईंच्या नडगीवर उन्हाळाभर निळे-हिरवे डाग असतात आणि नव्या स्वयंसेवकांना त्या ते कौतुकाने दाखवतात. कबड्डी खेळणाऱ्या डोळस मुलाला आपण बुद्धिबळाकडे वळायला सांगत नाही. या बाईंना का सांगावे?

शब्दवेधी यांचा पट्टीविषयीचा प्रश्न मात्र अवघड आहे. या खेळात येण्यासाठी कायद्याच्या व्याख्येनुसार अंध असणे पुरते, त्यामुळे थोडी दृष्टी असलेले पुष्कळ जण संघांत असतात. आमच्या एका तरुण खेळाडूला चेंडूचा आकार तीन फुटांवरून दिसतो. पहिल्या हंगामात पट्टी बांधली की त्याचा तोल जायचा. ज्या अंधुक प्रकाशावर त्याने आयुष्य काढले, तोच काढून घेतल्यावर तो संघातल्या पूर्ण अंधांपेक्षा कच्चा ठरला आणि याचे त्याला फार वाईट वाटले. आता तो चांगला खेळतो. पण पट्टीमुळे सर्वजण समान होतात हे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. जे जन्मापासून कानांवर जगले, त्यांच्या कौशल्याला पट्टीमुळे पहिल्यांदा पूर्ण किंमत मिळते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. गोलबॉल या अंधांच्या खेळातही सर्वांना पट्टी असते आणि अंधांच्या फुटबॉलमध्ये गोलरक्षक सोडून बाकी सर्वांना असते, हे आपण जाणताच.


सर्किटवाली :

मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. खेळाडू नाही, पण ध्वनीच्या बाजूविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

चेंडू तुटक वाजतो आणि बेस सलग वाजतो, ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. दोन्ही आवाज एकाच वेळी चालू असताना कोणता आपला आणि कोणता परका, हे ओळखायला धावणाऱ्याला क्षणही लागू नये. आवाजाची दिशा आपण मुख्यतः दोन खुणांवरून ओळखतो: तो एका कानाला किंचित आधी पोहोचतो आणि त्या कानाला किंचित मोठा ऐकू येतो. खालच्या पट्टीत पहिली खूण जास्त उपयोगी पडते आणि वरच्या पट्टीत दुसरी. पण आवाज अगदी समोर असला किंवा अगदी पाठीमागे असला, तर दोन्ही कानांना तो सारखाच मिळतो आणि घोटाळा होतो. बासरीसारख्या एकसुरी आवाजात हा घोटाळा अधिक होतो. खरखरीत, अनेक सूर मिसळलेल्या आवाजात कमी, कारण कानाच्या पाळीची वळणे वेगवेगळ्या सुरांवर वेगवेगळा परिणाम करतात आणि मेंदू त्यावरून पुढचे-मागचे ओळखतो. त्या दृष्टीने शब्दवेधींच्या चेंडूतील छर्ऱ्यांचा खुळखुळाट हा ‘बीप’पेक्षा दिशा ओळखायला सोपा असला पाहिजे, निदान तो वाजत असेपर्यंत. त्यांचा अनुभव काय आहे?

चेंडूच्या आत विजेचे सर्किट टिकवणे हे वेगळेच दिव्य आहे. बॅटचा तडाखा बसल्यावर बॅटरीची जोडणी सुटता कामा नये, भोवतीचे आवरण आवाज गिळेल इतके जाड नको आणि आतला भाग फुटेल इतके पातळही नको. टेलिफोनच्या माणसाने हे जमवले याचे मला नवल वाटत नाही. त्या काळचे टेलिफोन हातातून पडण्यासाठीच बनवले जात असावेत.


शब्दवेधी :

सर्किटवाली, तुमचे म्हणणे अनुभवाशी जुळते. खुळखुळाट कुठून येतो हे मला विचार न करता कळते. सलग ‘टूं’ असा आवाज असला, उदाहरणार्थ लिफ्टचा किंवा रिक्षा मागे घेतानाचा, तर मला मान थोडी हलवावी लागते. मान हलवली की आवाज एका कानाकडे झुकतो आणि समोर की मागे याचा उलगडा होतो. दूरदेशींच्या त्या गृहस्थांनी मान वाकडी केली होती, ती त्यासाठीच असणार. ते तुमच्या बेसला शोधत होते.

आणि साशंक, मी बुद्धिबळही खेळतो. आमचा पट खाचांचा असतो आणि सोंगट्या हाताने चाचपून खेळतो. फार छान खेळ आहे. पण त्यात घाम येत नाही. अंध मुलाला लहानपणापासून ‘पळू नकोस, पडशील’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकवले जाते. मी प्रथम पूर्ण वेगाने धावलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आणि तेही मित्राच्या खांद्याला धरून. समोर वाजणारा खांब आहे, मध्ये काही नाही, आणि धावताना कोणाला धरायचे नाही, ही कल्पनाच मला कालपासून झोपू देत नाही.


साशंक :

शब्दवेधी, आपल्या शेवटच्या परिच्छेदानंतर माझ्या शंकेत फारसे काही उरले नाही. धन्यवाद.


बोलोन्याकर :

उशिरा येतो आहे. मी इटलीत शिकतो. इथे अंधांच्या बेसबॉलचा अगदी निराळा प्रकार खेळला जातो आणि त्याचे मूळ याच बोलोन्या शहरात आहे. इथल्या संघातून बेसबॉल खेळलेल्या आल्फ्रेदो मेली यांनी नव्वदच्या दशकात तो घडवला.

यात पिचरच नसतो! बॅटर स्वतःच्या एका हाताने चेंडू उडवतो आणि स्वतःच टोलवतो. चेंडूला भोके असतात आणि आत घुंगरू असतात. पहिला बेस यंत्राने वाजतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसजवळ डोळस साथीदार टाळ्यांसारखा आवाज करून धावणाऱ्याला बोलावतात. म्हणजे इथे दुसरा बेस आहे, आणि खरोखरीच्या बेसबॉलप्रमाणे मैदानाला फेरी मारून घरी परतणे आहे. क्षेत्ररक्षकाला चेंडू सापडला की तो दुसऱ्या बेसवरील डोळस सहकाऱ्याकडे फेकतो, म्हणजे आवाजावर नेम धरून फेकण्याचे कौशल्यही यात येते.

मला हा इटालियन प्रकार अधिक आवडतो, कारण त्यात अंध खेळाडूला बेसबॉलचे बहुतेक सगळे करायला मिळते. अमेरिकी प्रकारात एक फटका, एक धाव आणि एक झेप, एवढ्यावर खेळ संपतो.


दूरदेशी :

बोलोन्याकर, तुमची माहिती माझ्यासाठी नवी भर आहे. तरी पसंतीबाबत मी असहमत. स्वतः उडवलेल्या चेंडूवर फटका मारताना बॅटर एकटा असतो. वीस फुटांवरच्या दुसऱ्या माणसाच्या हातातून सुटलेला, न दिसणारा चेंडू बॅटवर येऊन आदळतो, तो आवाज एकदा जवळून ऐका. आमचे मुख्य पिचर शाळेत शिक्षक आहेत. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली असते, तेव्हा ते शाळेच्या व्यायामशाळेत भिंतीवर चिकटपट्ट्या लावून एकटेच सराव करतात. प्रत्येक पट्टीजवळ एकेका बॅटरच्या नावाचे आद्याक्षर लिहिलेले आहे. कोणाची बॅट जमिनीपासून किती उंचीवरून फिरते, याचा तो नकाशा आहे.


मैदानी मास्तर :

मी विदर्भातील अंध मुलांच्या एका निवासी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. हा संपूर्ण धागा काल वसतिगृहात मुलांना वाचून दाखवला. सगळ्यांनी कानांत प्राण आणून ऐकला. बोलोन्याचा प्रतिसाद संपल्यावर दोन तट पडले आणि झोपण्याची वेळ टळून गेली.

आपल्या राज्यात सॉफ्टबॉल पुष्कळ खेळला जातो, त्यामुळे बॅट मिळवणे कठीण नाही. अडचण चेंडूची आणि वाजणाऱ्या बेसची. परदेशातून मागवणे आमच्या शाळेला झेपणारे नाही. तोवर काही करता येईल का? आमची मुले सुटीत गावी गेली की साधा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, गाठ मारून खेळतात. पिशवी जमिनीला घासून सळसळते, पण बॅटने मारल्यावर ती लगेच फाटते.


सर्किटवाली :

मास्तर, चेंडूच्या मागे आत्ताच लागू नका. तो सर्वांत कठीण भाग आहे. बेसपासून सुरुवात करा, कारण बेसला मार बसत नाही. दारावरच्या घंटीचा बझर, बॅटरी आणि लांब तारेवर एक बटण एवढे साहित्य कोणत्याही विजेच्या दुकानात मिळेल. भोवती जुन्या गादीचा कापूस किंवा फोम भरपूर गुंडाळा आणि तळाला वाळूची पिशवी ठेवा, म्हणजे खांब उलटला तरी मुलाच्या अंगावर न येता पलीकडे कलेल. एक टोकदार खिळाही बाहेर राहू देऊ नका. चेंडूचा आराखडा मी काढून पाहते. जमला तर इथेच टाकीन.


शब्दवेधी :

मास्तर, माझ्याकडूनही एक सूचना. आधी बॅट देऊच नका. पहिला आठवडा नुसते धावणे ठेवा. बेस वाजवा आणि एकेका मुलाला एकट्याने धावू द्या. वाटेत कोणी हात धरायला जाऊ नये, तुम्हीसुद्धा नाही. आणि इतर मुलांनी चकार शब्द काढू नये. हे शेवटचे तुम्हाला सर्वांत जड जाईल.


मैदानी मास्तर :

सर्वांचे आभार. दहा दिवस झाले, म्हणून वृत्तांत देतो.

बझर आणायला तालुक्याला जाण्याइतका धीर मुलांना नव्हता. त्यामुळे स्टीलच्या डब्यात माझा मोबाइल ठेवला, त्यावर अलार्म लावला, डबा मातीच्या पोत्यावर बसवला आणि भोवती वसतिगृहातील दोन गाद्या उभ्या करून सुतळीने बांधल्या. पन्नास पावले मोजून रेघ ओढली. पहिल्या दिवशी बहुतेक मुले हात पुढे करून चालतच गेली. पाचवीतली एक मुलगी अर्ध्या वाटेपर्यंत चालली, थांबली, मान डावीकडे-उजवीकडे केली, आणि मग अशी सुटली की गाद्यांसकट डबा घेऊन आडवी झाली. मी धावत जाईपर्यंत ती उठून परत रेघेकडे निघाली होती, आणि वाटेत मला म्हणाली, “सर, पुन्हा वाजवा.”

गप्प बसण्याबाबत शब्दवेधींचा अंदाज बरोबर ठरला. तिसऱ्या दिवसापर्यंत ते मुलांना जमले, मला अजून जमलेले नाही. रेघेपासून बेसकडे निघालेले मूल थोडे जरी तिरपे गेले तरी माझ्या तोंडून नाव निघते आणि मूल थबकते. आता माझ्या शेजारी नववीतला एक मुलगा मुद्दाम उभा केला आहे. मी श्वास जरा मोठ्याने घेतला की तो माझा दंड दाबतो.

माझ्या मोबाइलची काच त्या पहिल्याच धडकेत गेली, पण अलार्म वाजतो. दुसऱ्या बेससाठी शिपाईमामांचा मोबाइल मागितला आहे. ते अजून विचार करत आहेत.